सांगत्या खेळाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मी रागावलेला आहे. आपली कहाणी सांगावयास बसलेल्या वस्तूने नम्रपणे बोलावे, अशी रीत आहे. छत्री, घड्याळ, मोडकी खुर्ची इत्यादी मंडळी प्रथम आपले हाल सांगतात आणि शेवटी सर्वांना क्षमा करून मोकळी होतात. माझ्याने ते होणे नाही. माझ्या देहाचा उपयोग करून एका माउलीचा अपमान करण्यात आला. तो मी विसरलेलो नाही आणि तुम्हीही विसरू नये, एवढ्यासाठीच माझा हा खटाटोप आहे.

एका लहानशा चित्रपटगृहाच्या व्हरांड्यात, तिकिटाच्या खिडकीशेजारी मी टांगलेला आहे. आमचे हे गृह कोणा बड्या कंपनीचे नव्हे. एक पडदा, एक यंत्र आणि थोड्या वेताच्या खुर्च्या, एवढाच आमचा संसार. पुढे कोणते चित्रपट येणार आणि गावकऱ्यांसाठी कोणते कार्यक्रम होणार, हे जगाला कळवणे, हे माझे काम.

परंतु मी जन्माने फळा नाही. मी दरवाजा आहे. ही इमारत पूर्वी सुताचे गोदाम होती आणि तिचे दार मी होतो. पुढे अण्णांनी, म्हणजे आमच्या जुन्या मालकांनी, गोदाम घेतले आणि गर्दी आत जाईल असे रुंद दार बसवावयाचे ठरवले. सुताराने मला बिजागऱ्यांतून उपटून बाहेर काढले. "चांगलं सागवान आहे, पण आता सरपणाच्याच लायकीचं," असे तो म्हणाला. अण्णांनी माझ्यावर हात फिरवला आणि ते म्हणाले, "अरे, याने इतकी वर्षं लोकांना आत घेतलं. याला काळा रंग दे. बोलू दे आता याला."

सुताराने मला रंधा मारला, रंग दिला. माझ्या अंगावर कडी अडकवावयाचा एक लोखंडी कोयंडा होता, तो मात्र काही केल्या निघेना. "राहू दे मेल्याला," सुतार घाम पुसत म्हणाला, "म्हातारपणी उपयोगी पडेल." अशा रीतीने एका दाराचा फळा झाला. तथापि जातीचा स्वभाव जात नाही. माणसांना आत घेणे हाच मी आपला धर्म समजत आलो.

अण्णांचा एक दंडक होता. फळ्यावर जे लिहिले ते झालेच पाहिजे, आणि झाल्याशिवाय ते पुसावयाचे नाही. कार्यक्रम पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः ओले फडके घेऊन येत आणि मला अंघोळ घालावी तसे पुसत. एकदा मधमाश्यांवर भाषण द्यावयाचा विद्वान गृहस्थ आलाच नाही. श्रोते तर खुर्च्या धरून बसलेले. तेव्हा अण्णा स्वतः उभे राहिले आणि ज्या विषयातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यावर तासभर बोलले. शेवटी म्हणाले, "मंडळी, मधमाशी चावते एवढंच मला नक्की ठाऊक आहे, पण फळ्याचा शब्द पाळला." लोक पोट धरधरून हसत बाहेर आले. त्या वेळी माझी मान किती ताठ झाली म्हणून सांगू!

माझ्यावर काय काय लिहिले गेले नाही? रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळचा खेळ. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी अर्धे दिवे चालू ठेवून खेळ, "रडण्यास परवानगी आहे" या टिपेसह. मोडक्या सायकली दुरुस्त करण्याचा दिवस. मूकपटाला गावच्या बँडवाल्यांची साथ. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एवढे चित्रपट मी जाहीर केले, पण स्वतः एकही पाहिला नाही. पडदा आत आणि मी बाहेर. कानावर पडत ते पेटी वाजल्याचे, कोणी हसल्याचे, कोणी नाक शिंकरल्याचे आवाज. लग्नाच्या पत्रिकेला जेवणाच्या पंगतीत कोण बसवतो?

आता सांगता खेळ म्हणजे काय, ते ऐका.

आमच्या खुर्च्या विणणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना वेतकाका म्हणतात. ते जन्मांध आहेत. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चित्रपटाच्या अतोनात शौकीन. दोघे दर आठवड्याला मागच्या रांगेत बसत आणि पडद्यावर काय चालले आहे ते काकू नवऱ्याच्या कानात सांगत. कुजबुज कितीही हळू केली तरी ती कुजबुजच. पुढच्या रांगेतून "शू!" असा आवाज येई. एक दिवस मध्यंतरात एका प्रेक्षकाने अण्णांकडे तक्रार केली, "त्या बाईंना आवरा हो, सारखं तोंड चालू असतं."

अण्णा काकूंकडे गेले. काकू घाबरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही निघतो, अण्णा."

"निघता कुठं?" अण्णा म्हणाले, "तुम्ही मोठ्याने बोलायचं. त्यासाठी वेगळा खेळ ठेवतो. यांच्यासारखे आणखी कितीतरी असतील गावात."

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सांगता खेळ सुरू झाला. काकू माइक घेऊन बसत, आणि चित्रपटातली माणसे बोलायची थांबली की मधल्या फटीत पडद्यावरची हकीकत सांगत. दृष्टिहीन मंडळी लांबून लांबून येऊ लागली. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या माथ्यावर पांढऱ्या तेलरंगाने ठळक ओळ रंगवून टाकली: 'महिन्याचा पहिला रविवार, दुपारी – सांगता खेळ.' बाकी सगळे खडूने, हे मात्र तेलरंगाने. "ही ओळ ओल्या फडक्याला दाद देणार नाही," ते म्हणाले.

पुढे अण्णा वारले. काळाचे असे आहे, त्याबद्दल मी रागावत नाही. कारभार त्यांच्या जावयांकडे आला. गावाने त्यांना पहिल्या दिवसापासून जावईबापू म्हटले आणि तेच नाव चिकटले. माणूस नीटनेटका, इस्त्रीचा, बोलण्यात 'नियोजन' आणि 'सुसूत्रता' असे शब्द. ते दुष्ट आहेत, असे मी म्हणणार नाही. दुष्ट माणूस निदान समोरच्याकडे नीट पाहून घाव घालतो. हे पाहतच नाहीत. उंटावरचे शहाणे. शेळी कुठे बांधली आहे, ते उंटावरूनच विचारणार.

त्याच सुमारास काकूंच्या डोळ्यांना विकार जडला. औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि एवढे करून दृष्टी गेली ती गेलीच. सांगता खेळ आमच्या खिडकीताईंनी, म्हणजे तिकिटे देणाऱ्या ताईंनी, पुढे चालवला. काकू मात्र येईनाशा झाल्या. वेतकाका एकटेच यावयाचे. ताईंनी विचारले की म्हणावयाचे, "ती म्हणते, चित्रपट बघायचे असतात, ऐकायचे नसतात. मी म्हटलं, मग मी इतकी वर्षं काय केलं गं? तर भिंतीकडे तोंड करून निजली."

महिने गेले. काकू घराचा उंबरा ओलांडीनात. शेवटी एका रविवारी वेतकाका हसतच आले. "ताई, पुढच्या खेळाला कोणता चित्रपट?"

"तो जुना. नावाड्याचा," ताई म्हणाल्या.

"हा हिचा सगळ्यांत आवडता! माइक घेऊन पहिल्यांदा सांगितला तो हाच." काका काठी बगलेत मारून दोन्ही हात चोळू लागले. "याला आणतोच बघा तिला. पण ताई, एकदाच जमेल हे. तिला मी ओळखतो. या खेपेला काही बिनसलं, तर ती पुन्हा दाराबाहेर पाऊल टाकणार नाही."

मित्रांनो, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. त्या खेळावर काय अवलंबून होते, ते ताईंना ठाऊक होते, मला ठाऊक होते. जावईबापूंना ठाऊक नव्हते, कारण त्यांनी कधी कोणाला विचारलेच नाही.

खेळाच्या आदल्या दिवशी गाद्या विकणाऱ्या एका कंपनीचे लोक आले. त्यांना आपल्या विक्रेत्यांच्या बैठकीसाठी जागा हवी होती आणि हवी होती ती नेमकी दुसऱ्या दिवशीच. जावईबापू लागलीच 'हो' म्हणाले. ताईंना म्हणाले, "ताई, उद्या खिडकी बंद. सुट्टी घ्या."

"आणि सांगता खेळ? काका-काकू येणार आहेत. सगळ्यांना कळवायला हवं."

"ते माझ्यावर सोडा. मी कळवतो सगळ्यांना."

ताई निर्धास्त झाल्या. जावईबापूंनी खडू उचलला आणि माझ्या छातीवर सुंदर, टपोऱ्या अक्षरांत लिहिले, 'उद्याचा सांगता खेळ रद्द. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खाली एक रेघ मारली. मागे सरून मान तिरपी करून पाहिले. समाधान पावले.

तुमच्या लक्षात आले ना? ज्यांना एक अक्षरही दिसत नाही, त्यांच्यासाठी ही सूचना होती. ती फळ्यावर लिहिली होती. खडूने! टपोऱ्या अक्षरांत! माझ्या लाकडाला त्या क्षणी वाळवी लागली असती तरी मी तिचे स्वागत केले असते. हात असते तर मी ती अक्षरे स्वतः ओरबाडून काढली असती. आणि कहर ऐका. एवढ्याने आपली जबाबदारी संपली नाही, असे जावईबापूंना वाटले. म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला, माझे छायाचित्र टिपले, आणि तेच छायाचित्र त्या दृष्टिहीन मंडळींच्या गटावर पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होते. आतून गादीवाल्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. आणि रस्त्याने ती मंडळी आली. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, पुढे वेतकाका, त्यांच्या दंडाला धरून काकू. केस नीट विंचरलेले, ठेवणीतली साडी. पायऱ्यांपाशी त्या थबकल्या.

"अहो, पायऱ्या किती, मी विसरले."

"पाय विसरलेले नाहीत. टाक," काका म्हणाले.

त्या चढल्या. काकांनी दार ढकलले. आतून कडी होती. पुन्हा ढकलले. मग त्यांनी काठीने ठोठावले, तर एका घामाघूम गादीवाल्याने दार किलकिले केले. "आत बैठक चालू आहे. बाहेर लिहिलंय ना, रद्द म्हणून. दिसत नाही का?" एवढे म्हणून त्याने दार लावून घेतले.

वेतकाका म्हणाले, "दिसत नाही खरं." मग म्हणाले, "अरे, पण काल फोनवर निरोप आला होता की! माझा फोन निरोप वाचून दाखवतो. तो म्हणाला, 'चित्र'. मी म्हटलं, चित्रपटवाल्यांनी चित्र धाडलंय, म्हणजे खेळ पक्का!"

दोघेतिघे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता. "मला घरी न्या," एवढेच त्या म्हणाल्या.

"थांब गं. ताईला फोन करतो."

"मी म्हटलं होतं तुम्हाला. आपलं काही राहिलेलं नाही इथं."

ताई पाठीमागच्या गल्लीतच राहतात. न्हाऊन बसलेल्या त्या ओल्या केसांनी धावत येईपर्यंत इकडे निराळेच घडले. मंडळींपैकी एकाने विचारले, "बाहेर लिहिलंय म्हणाला तो. कुठं लिहिलंय?" काकूंना जागा ठाऊक होती. चार पावले चालून त्यांनी आपला तळहात माझ्या छातीवर ठेवला. "इथं," त्या म्हणाल्या. बोटांनी त्या चाचपू लागल्या. ज्या बाईला काल-परवापर्यंत वाचता येत होते, तिची ती बोटे अक्षर शोधत होती हो! "खडूचं लागतच नाही काही हाताला." मग दुसऱ्याने हात लावला, मग तिसऱ्याने, मग सर्वांनीच. कोणी वर, कोणी खाली. कित्येक वर्षांत मला इतक्या मायेने कोणी स्पर्श केलेला नव्हता. त्या तळहातांखाली जावईबापूंचे टपोरे 'रद्द' पसरले, पुसट झाले आणि नाहीसे झाले.

इतक्यात ताई आल्या. त्यांनी दारावर अशा थापा मारल्या की आतली बैठक थांबली आणि जावईबापू बाहेर आले.

"काय आरडाओरडा आहे? लोक आलेत मोठ्या कंपनीचे."

"तुम्ही कळवतो म्हणाला होतात ना?" ताई म्हणाल्या.

"कळवलं की! फळ्यावर स्पष्ट लिहिलं आहे. हे बघा." आणि त्यांनी मोठ्या ऐटीने माझ्याकडे बोट केले.

माझ्यावर एकही अक्षर नव्हते. होती ती फक्त माथ्यावरची तेलरंगाची ओळ: 'महिन्याचा पहिला रविवार, दुपारी – सांगता खेळ.'

"हे कोणी पुसलं?" जावईबापू ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा!

"ज्यांच्यासाठी लिहिलंत, त्यांनी वाचलं," ताई म्हणाल्या. "त्यांची वाचायची रीत हीच आहे."

खडूने पांढरे झालेले सगळे तळहात त्यांच्यासमोर होते. जावईबापू क्षणभर गोरेमोरे झाले. आता हा माणूस क्षमा मागेल, असे मला वाटले. परंतु ते काय म्हणाले ठाऊक आहे? "ठीक आहे, पुढच्या वेळी मोठ्या अक्षरांत लिहीन."

मित्रांनो, हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"जावईबापू," वेतकाका शांतपणे म्हणाले, "तुम्ही जा आत. गादीवाले खोळंबले असतील. झोप येईल त्यांना." मग ताईंकडे वळून म्हणाले, "ताई, पडदा त्यांना लखलाभ. आम्हाला कुठं लागतो पडदा? नुसता आवाज बाहेर येईल का?"

आमचा यंत्रवाला बाजूच्या दारातून हे सारे ऐकत उभा होता. तो काही न बोलता आत गेला आणि एक जुना कर्णा नि तारेचे भेंडोळे घेऊन आला. गादीवाल्यांना तो लागत नव्हता. मंडळी व्हरांड्यात खाली बसली. काकू पायरीवर, घराच्या दिशेला तोंड करून, उठावयाच्या तयारीतच बसल्या. कर्णा खरखरला आणि नदीच्या पाण्याचा आवाज सुरू झाला.

ताई बाजूला उभ्या राहून सांगू लागल्या. पण चित्र समोर नसताना त्यांची त्रेधा उडाली. "आता नावाडी येतो… नाही, ती येते वाटतं… त्याच्या हातात कंदील आहे. तो कंदील खाली ठेवतो."

"ठेवत नाही," पायरीवरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या.

"तो नुसता वाकतो," काकू म्हणाल्या. अजून त्यांची आमच्याकडे पाठच होती. "कंदील हातातच आहे. म्हणून तर तिचा चेहरा खालून उजळतो. हनुवटी पिवळी दिसते आणि डोळे अंधारात राहतात. ती रडते आहे की नाही, ते त्याला कळत नाही."

"काकू," ताई हळूच म्हणाल्या, "मला चित्राशिवाय नाही जमत. तुम्ही या ना इकडे."

काकू उठल्या. मग त्या वळल्या. ताईंनी आपले खिडकीतले स्टूल आणून माझ्याखाली ठेवले आणि काकू त्यावर बसल्या, पाठ मला टेकून. त्यांनी संपूर्ण चित्रपट सांगितला. पाण्यावरचे धुके सांगितले, वल्ह्यावरून ओघळणारे थेंब सांगितले. नावाड्याच्या सदऱ्याचे तुटलेले बटणसुद्धा सांगितले. त्यांच्या पाठीतून प्रत्येक शब्द माझ्या लाकडात घुमत होता. इतकी वर्षे बाहेर उभा राहून जो मला कधी दिसला नाही, तो चित्रपट मी त्या दुपारी पाहिला, आणि तो मला एका दृष्टी गेलेल्या बाईने दाखवला. वेतकाका मान खाली घालून ऐकत होते. मध्येच शेजाऱ्याला कोपर मारून पुटपुटले, "पूर्वी एकट्यालाच ऐकायला मिळायचं. तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे."

आतल्या बैठकीला चहाची सुट्टी झाली. गादीवाले कप घेऊन बाहेर आले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. सुट्टी संपली तरी हलेनात. जावईबापू दारातून डोकावून म्हणाले, "मंडळी, पुढचं सत्र सुरू…"

"शू!" गादीवाल्यांतलाच एकजण म्हणाला.

तो "शू!" ऐकावयास अण्णा हवे होते.

यानंतर जावईबापू सुधारले, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्यांनी खिडकीच्या दुसऱ्या अंगाला एक चकचकीत विजेचा पडदा लावला आहे. आगामी चित्रपट आणि कार्यक्रम आता त्याच्यावर सरकतात. त्या गुळगुळीत काचेवर हात फिरवला तर काचच लागते. माझ्यावर कोणी लिहीत नाही. मला काढून अडगळीत टाकावयाचे ठरले होते, तेव्हा ताई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "याला हात लावाल तर खिडकीवर दुसरं माणूस बघा," म्हणाल्या. म्हणून मी आहे.

वेतकाकांनी वेताचे एक जाड कडे विणून आणले. सुताराला जो निघाला नव्हता, त्या माझ्या कोयंड्यात ताई ते अडकवतात. कडे असले तर खेळ आहे. काही अडचण आली तर ताई आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करतात, नावानिशी बोलतात आणि मगच कडे काढतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी काकू सर्वांच्या आधी येतात. त्यांचा हात माझ्या काठावरून खाली सरकतो, कोयंड्यापाशी थांबतो, कड्याला लागतो. मग त्या आत जातात. माइक पुन्हा त्यांच्याकडे आहे. ताई शेजारी बसून नव्या चित्रपटांतले त्यांच्या कानात सांगतात आणि काकू ते सर्वांना सांगतात.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्या हाती कारभार येईल आणि कधी ना कधी कोणाला तरी 'आज नाही' असे सांगावयाची पाळी येईल. तेव्हा आपण लिहिले, आपण पाठवले, एवढ्यावर हात झटकू नका. ते त्याच्यापर्यंत पोचले का, ते जाऊन पाहा. नाही तर तुमच्याही फळ्याला राग येईल, आणि आमचा राग लवकर उतरत नाही. आम्हाला तुमच्यासारखी झोप नसते.

माझा तर उतरलेला नाहीच. परंतु जेव्हा तो हात कड्याला लागतो आणि काकू पाठीमागच्यांना म्हणतात, "चला रे, आहे," तेव्हा थोडा वेळ मी रागवायचे विसरतो. त्या वेळी मी फळा नसतो. मी पुन्हा दरवाजा झालेला असतो.